शेपटाच्या मागे

१

सगळ्यात शेवटी पळण्याचे फायदे कुणी सांगत नाही. रस्ता चुकत नाही, कारण समोर सगळ्यांच्या पाठी दिसत असतात. कुणी आपल्याला मागे टाकेल ही धास्ती नसते. आणि पळता पळता मध्येच चाललं तरी बघायला कुणी नसतं. हे सगळे फायदे मी पहिल्या दिवसापासून पुरेपूर घेतले.

मी कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करते. आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज आला की दाबा." दिवसभर खुर्ची. पळण्याशी माझा संबंध शाळेत सुटला तो सुटलाच. पण माझ्या एकोणपन्नासाव्या वाढदिवसाला लेकीनं केक कापण्याऐवजी रडायला सुरुवात केली.

"आजी गेली त्या वयाला तू येतेयस," ती म्हणाली. "मला तुझ्याशिवाय कोण आहे गं?"

माझी आई जिना चढताना गेली. शेजारणीशी बोलत होती, वाक्य अर्धं राहिलं. आजार नाही, काही नाही. आणि या घरात आम्ही दोघीच, लेकीचे वडील ती रांगत असतानाच आमच्या आयुष्यातून बाहेर पडले. तेव्हा तिचं रडणं काही उगाच नव्हतं. मी डॉक्टरांकडे गेले, त्यांनी बीपी बघितलं, साखर बघितली आणि म्हणाले, पळा खुशाल. लेकीनं बूट आणले. रंग इतका भडक की दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांनासुद्धा ऐकू आला असता.

कालव्याच्या रस्त्यावर सकाळी एक गट पळतो, त्यात तिनं माझं नाव घातलं. गटाचा कोच दिवसा विम्याच्या कचेरीत असतो आणि सकाळी त्याच्या तोंडात शिट्टी असते, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणतात. पहिल्या दिवशी त्यानं मला बाजूला घेतलं.

"ताई, आपल्याकडे वेगाचं बंधन नाही. नियम तेवढे पाळायचे. मागे वळून बघायचं नाही, मान वळली की पाय वळतो. सगळ्यात शेवटच्या माणसाच्या मागे आपलं शेपूट असतं. म्हणजे कुणीही एकटं पडत नाही. शेपूट तुम्हाला कधीच ओलांडत नाही. पण कधी ओलांडून पुढे आलंच, तर तिथल्या तिथे थांबायचं. वाद घालायचा नाही."

"आणि शेपूट पोचल्याचं कळतं कसं?"

"शेवटचा माणूस आत आला की शेपूट दोन टाळ्या वाजवतं. टाळ्या ऐकल्याशिवाय मी पाण्याचा कॅन आवरत नाही."

शेपूट म्हणजे एक काका होते. छापखान्यातून निवृत्त झालेले, काटकुळे, गुडघ्याला पट्टा. त्यांनी माझ्या बुटांकडे बघून फक्त एवढंच म्हटलं, "अंधारात हरवणार नाहीस."

२

लेकीला वाटलं होतं, नव्याचे नऊ दिवस. मलाही तसंच वाटलं होतं. पण मी टिकले, आणि त्याचं श्रेय माझं नाही, माझ्या मागच्या पावलांचं आहे.

सुरुवातीला दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, मग तेवढंच चालायचं. छाती भात्यासारखी चालायची. पुढचे सगळे धुक्यात दिसेनासे व्हायचे आणि कालव्याचं पाणी, गोदामांची लांबच लांब भिंत आणि मी, एवढंच उरायचं. अशा वेळी मागून पावलं यायची. टप, टप, घस. टप, टप, घस. दर तिसरं पाऊल जरासं घासायचं. काकांचा गुडघा, मी मनाशी म्हणायचे. ती पावलं कधी घाई करायची नाहीत. मी चालले की तीही चालायची, मी पळायला लागले की तीही पळायची.

ज्याला आयुष्यात कधी कुणी मागून सांभाळलं नाही, त्यालाच हे सुख कळेल. घर चालवताना मीच पुढे, मीच मागे. इथे मात्र पाठीमागची बाजू दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात होती. काही सकाळी मला पळता पळता रडू यायचं, आणि ते घामात खपून जायचं.

रस्ता जिथे संपतो तिथे जुनं पंपघर आहे आणि त्याच्यापुढे एक दगडी खांब. खांबाला हात लावून वळायचं आणि आल्या वाटेनं परत यायचं. मी वळले की समोरून काका यायचे. अंगठा वर करायचे, मला जाऊ द्यायचे, मग स्वतः खांबाला हात लावायचे आणि पुन्हा माझ्या मागे. त्यांचा तळहात खांबावर पडल्याचा आवाज मला पाठमोरीलाही ओळखू यायचा.

महिन्या-दोन महिन्यांत मी न थांबता खांबापर्यंत जाऊ लागले. त्या दिवशी लेकीनं मला उचलण्याचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघी सोफ्यावर पडलो.

३

धुकं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मला स्वतःलाच धुक्यावर सगळं ढकलायचं होतं.

स्वच्छ सकाळ होती. मागे पावलं होती, टप, टप, घस. मी आदल्या दिवशीच्या एका पेशंटबद्दल विचार करत होते. खांब आला, मी हात लावला आणि वळले.

समोरचा रस्ता रिकामा होता.

माझ्या मागे असलेला माणूस मी वळल्यावर माझ्या समोर यायला हवा. यात विज्ञान नाही, पोरांच्या शिवाशिवीतलं शहाणपण पुरे आहे. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला दोन पुरुष उंचीची भिंत. ना गल्ली, ना झाड. पार पुलापर्यंतचा रस्ता मला दिसत होता आणि त्यावर एक कुत्रं बसलेलं होतं, बाकी कुणी नाही.

काका वाटेत कुठे थांबले असतील, असं मी स्वतःला सांगितलं आणि चार पावलं टाकली. तेव्हा माझ्या मागे, खांबावर, तळहात पडला.

मग पावलं सुरू झाली. टप, टप, घस.

नियम होता म्हणून मी मागे पाहिलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं सांगायचं तर मानच वळेना. मी परत येईपर्यंत त्या पावलांनी माझं अंतर सोडलं नाही. मी पाण्याच्या कॅनपाशी पोचले आणि माझ्या पाठीशी दोन टाळ्या वाजल्या.

शिट्टी कॅनचं झाकण फिरवत होता. माझ्या मागे बघायचं त्याला कारणच नव्हतं, त्याचं लक्ष पेल्यांमध्ये.

"काका कुठायत?" मी विचारलं.

"काका? ते तर मुलाकडे गेलेत, आठवड्यासाठी. मी आज दुसऱ्या कुणाला तरी शेपूट ठेवणार होतो, तेवढ्यात तुम्ही निघालातसुद्धा."

"मग माझ्या मागे कोण होतं?"

"असेल की कुणीतरी. टाळ्या वाजल्या ना?" त्यानं कॅन उचलला. "टाळ्या ऐकल्या म्हणून तर आवरायला घेतलं."

४

माझा धंदाच असा आहे की न झालेले आवाज मला रोज भेटतात. आमच्याकडे त्यांना खोटी बटणं म्हणतात. आवाज सोडलेला नसतो आणि खोलीतला माणूस बटण दाबतो. लबाडी नसते त्यात. ज्याला ऐकू यावंसं फार वाटतं, तो जास्त दाबतो. मनी वसे ते कानी पडे, असं मी गमतीनं म्हणायचे.

म्हणून दुपारी पेशंट नसताना मी स्वतःच खोलीत जाऊन बसले. बाहेर मशीनवर आमची दुसरी तपासनीस होती, वयानं लहान, मला ताईच म्हणते.

ती खोली मी वर्षानुवर्षं बाहेरून पाहिलेली. आत बसलं की तिचं दार पहिल्यांदा कळतं. ते लागतं तेव्हा आवाज होत नाही, उलट जगातला सगळा आवाज एकदम कापला जातो. भिंतींना खळगेखळगे असलेला करडा स्पंज. समोर हातभर काच, तिच्यापलीकडे तपासनिसाचं डोकं. खुर्ची करकरत नाही, कारण तिला करकरायची परवानगी नाही. मी हेडफोन चढवले आणि बटण हातात घेतलं.

आवाज लगेच आले. मंद, बोथट, मधल्या पट्टीतले. मी दाबत गेले. बऱ्याच वेळानं दार उघडलं.

"ताई, माझा तर अजून फोनच चालू होता," ती म्हणाली. "मी मशीन सुरूच केलं नव्हतं. पण तुम्ही आपल्या दाबताय. दोनदा झटकन, तिसऱ्यांदा जरा धरून. परत दोनदा, परत धरून. काय चाललंय काय?"

मी हसले. तिला म्हटलं, शांततेत स्वतःचं रक्तच ऐकू येतं कानात, तुला ठाऊक आहे. तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. पेशंटना आम्ही हेच सांगतो आणि ते निर्धास्त होऊन घरी जातात. मीही त्या दिवशी जवळजवळ निर्धास्त होऊन घरी गेले.

पण रक्त टाळ्या वाजवत नाही. आणि टाळ्या शिट्टीनंही ऐकल्या होत्या.

५

काका परत आले ते गुडघा सुजवूनच. मी त्यांना बघायला गेले. एकाच खोलीचं घर, पण कसं लावलेलं! खिडकीत जुने बूट ओळीनं, प्रत्येकाच्या आत कागदाचा बोळा. काकांनी पाय स्टुलावर ठेवला आणि माझ्यासाठी सफरचंद कापायला घेतलं. मी नको म्हणत असतानाच सालीची लांब फीत खाली उतरत होती.

मी घुटमळत, इकडचं तिकडचं बोलत, शेवटी खांबाचं सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील. त्यांची सुरी थांबली.

"कशी पडतात पावलं?"

मी स्टुलावर बोटांनी वाजवून दाखवलं. टप, टप, घस.

"माझ्यामागे सरळ पडायची," काका म्हणाले. "सगळी एकसारखी. मला वाटायचं, फक्त माझ्याच मागे आहे."

खिडकीखालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. काकांनी फोड माझ्या हातात ठेवली.

"तू यायला लागलीस आणि माझं बंद झालं. पहिल्या दिवसापासून. मी रुसलोच जरा." ते हसले, पण डोळे ओले होते. "इतकी वर्षं मी सगळ्यांच्या मागे. शेपटाच्या मागे कोण असतं, हे कुणी विचारत नाही. मला होतं कुणीतरी."

"कोण होतं, काका?"

"मी कशाला विचारू? सोबत करणाऱ्याला कुणी नाव-गाव विचारतं का?"

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. वाटायची. पण आभारही वाटायचे. दोन्ही एकदम वाटतं, तुलाही वाटेल. आणि ऐक, पुढे आल्यावर थांबायचा तो नियम शिट्टीचा नाही. मी घालायला लावला त्याला."

"का?"

"एकदा माझ्या पुढे आलं होतं." त्यांनी सुरी पुसली आणि मिटली. "काय झालं असतं ते सांगत बसत नाही. मी थांबलो, म्हणून आज तुला सफरचंद कापून देतोय. खा."

६

त्यानंतर मी पळणं सोडलं असतं तर शहाणी ठरले असते. पण मी तर एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. लेकीनं फॉर्म भरला, कारण मी तारखेची चूक करीन असं तिचं ठाम मत होतं.

त्या महिन्यांसारखे महिने मी पुन्हा मागणार नाही, पण ते मिळाले याबद्दल मी कुरकुरणारही नाही. रविवारी लांब पळायचं, सोमवारी जिना उतरताना कठड्याला मिठी मारायची. नखं काळी पडली. भूक अशी लागायची की लेक म्हणायची, "आई, ताट ठेव, ते खायचं नाही." आणि प्रत्येक सकाळी मागे पावलं. आता गटात माझ्यापेक्षा हळू पळणारे दोघं-तिघं आले होते. काका बरे होऊन त्यांच्यामागे शेपूट म्हणून पळायचे. म्हणजे माझ्या लगेच मागे कुणीच असायला नको होतं. तरी असायचं. खांबाला मी हात लावला की थोड्या वेळानं दुसरा हात लागायचा. मी मनातल्या मनात म्हणायचे, आलीस का. ती बाई आहे असं मी कधी ठरवलं, मला आठवत नाही.

शर्यतीच्या सकाळी लेकीनं माझ्या छातीवर नंबर लावला. चार पिना, चारही सरळ. "शेवटच्या कमानीपाशी टॉवेल घेऊन उभी असते," ती म्हणाली. "रांगत आलीस तरी चालेल."

मी रांगत नव्हते. सगळी शर्यत मला अलगद गेली. गर्दी पांगली, संत्र्याच्या फोडी वाटणारी पोरं मागे पडली, रस्ता शहरात परत वळला आणि मला कळलं की आज पाय माझे ऐकतायत. आयुष्यात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. शेवटच्या वळणावर कमान दिसली. तिच्याखाली लेकीचा पिवळा टॉवेल दिसला. ती उड्या मारत होती.

तेव्हा पावलं जवळ आली.

इतक्या महिन्यांत ती एकदाही जवळ आली नव्हती. आता माझ्या डाव्या खांद्याशी आली. टप, टप, घस. तिच्या श्वासाचा आवाज नव्हता. माझ्या मानेवर मात्र गार झालं, कुणीतरी ओला कपडा झटकल्यासारखं. मी डोळे समोर कमानीवर ठेवले. मी म्हणाले, मोठ्यानं म्हणाले, "नाही. आत्ता नाही. बघ, माझी पोर तिथे उभी आहे."

तिनं मला ओलांडलं.

मी पाहिलं ते एवढंच. एक पाठ. भिजलेली मान आणि तिच्यावर चिकटलेले केस. सकाळी पाणी मारलेला रस्ता, सगळ्यांचे पाय चिखलानं भरलेले, आणि तिची उचललेली टाच कोरी. मग एक हात मागे आला. रस्ता ओलांडताना आई मागे न बघता मुलासाठी हात करते, तसा. तळवा उघडा, बोटं जराशी हलणारी.

मी थांबले. वाद घातला नाही.

"अहो ताई, आलंच की! चला, चला!" कडेची माणसं ओरडत होती. लेकीच्या हातातला टॉवेल खाली आला. मी फुटपाथच्या कडेवर बसले, आणि शर्यतीतली एक नर्स पळत आली. तिनं नेहमीच्या घाईनं माझं मनगट धरलं. मग तिच्या चेहऱ्यावरची घाई गेली आणि तिनं न ओरडता, अगदी हळू आवाजात गाडी मागवली.

७

माझं हृदय गाडीत बंद पडलं. तिथे यंत्र होतं, माणसं होती, म्हणून ते चालू झालं.

"तुम्ही थांबला नसतात तर कमानीच्या अलीकडे पडला असतात," हृदयाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गर्दीत, लोकांच्या पायांत. आम्ही पोचेपर्यंत उशीर झाला असता. कशामुळे थांबलात? छातीत दुखलं?"

"नाही. बरं वाटत होतं."

त्यांनी पडद्यावर माझं हृदय दाखवलं. एका जागी स्नायू जाड होता, जन्मापासून असेल म्हणाल्या. घराण्यात चालतं हे, तुमच्या आईंना बहुधा हेच असणार. मग त्यांनी हृदयाचा आवाज मोठा करून ऐकवला.

टप, टप, घस.

मी इतकी दचकले की यंत्राच्या रेषा उड्या मारू लागल्या. "हा जो घासल्यासारखा येतो ना," बाई सांगत होत्या, "हा काहींना स्वतःच्या कानात ऐकू येतो. पळताना जास्त. तुम्ही कानांचं काम करता, कधी लक्षात आलं नाही?"

म्हणजे झालं तर. माझ्या बुद्धीनं सुटकेचा श्वास टाकला. पावलं म्हणजे माझं हृदय. खोलीतली बटणं म्हणजे माझं हृदय. मेंदूला रक्त कमी पडलं की पाठी दिसतात, हातही दिसतात. खांबावरच्या आवाजाचं काय, टाळ्यांचं काय, काकांचं काय, हे मी बुद्धीला विचारलं नाही. बिचारी दमली होती.

माझ्या कॉलरच्या हाडाखाली काड्यापेटीएवढं यंत्र बसवलं, औषधं सुरू झाली आणि ठोका सरळ झाला. पळणं बंद, चालणं चालू. घरी आल्यावर पहिल्या सकाळी मी खिडकीशी बसून कान दिले. काही नव्हतं. मी वाचले होते, पोर स्वयंपाकघरात माझ्यासाठी दूध तापवत होती, आणि तरी मला रडू आलं. जिनं कुणी माझी सोबत केली होती तिला मी निरोपसुद्धा दिला नव्हता. मी रिकाम्या खोलीत हात जोडले आणि म्हटलं, तू कुणीही अस, माझं हृदय अस नाहीतर आणखी कुणी, तुझे उपकार फिटणार नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट दोनदा सांगितली होती, लेकीचीही तपासणी करून घ्या. लेक म्हणायची, करू की, पुढच्या महिन्यात, ऑफिसात फार काम आहे. मी मागे लागायचे. तिचा पुढचा महिना पुढेच जायचा. "मी तेवीस वर्षांची आहे, आई," ती म्हणायची. "तू आता ताकही फुंकून पितेयस."

८

काकांनी गुडघ्यापुढे हात टेकले आणि कॅनपाशी खुर्ची टाकून बसू लागले. शेपूट म्हणून मला नेमलं. चालणारं शेपूट, पण शिट्टीनं चालवून घेतलं. मला त्याचा काय अभिमान वाटला! आणि मला सोबत म्हणून लेक यायला लागली. माझ्या जुन्या भडक बुटांत. आमची मापं एकच.

ती गटात सगळ्यात हळू होती. ऑफिसातल्या खुर्चीनं तिचंही माझ्यासारखंच करून ठेवलं होतं. तरी माझ्या चालण्यापेक्षा तिचं पळणं पुढेच. तिची पाठ माझ्यासमोर लहान लहान होत जायची.

काल स्वच्छ सकाळ होती. मी निम्म्या वाटेत, गोदामाच्या भिंतीला लागून चालत होते, तेव्हा ती खांबावरून परत येताना दिसली. ती पळत नव्हती, भराभर चालत होती. जवळ आली तसा तिचा चेहरा दिसला आणि माझे पाय थबकले.

"तू इथे आहेस?" ती म्हणाली.

"मग कुठे असणार? मी शेपूट आहे."

"तू माझ्या अगदी मागे होतीस. मला वाटलं, आज आई जोरात आहे. मी म्हटलंसुद्धा, आई, यंत्र सांभाळ." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "मी खांबाला हात लावला, वळले, तर कुणी नाही. आणि मग माझ्या पाठीमागे खांबाला हात कुणी लावला?"

ती मान वळवू लागली. मी तिची हनुवटी धरली. तिच्या खांद्यावरून मला खांबापर्यंतचा रस्ता दिसत होता. रिकामा.

"मागे नाही बघायचं," मी म्हटलं. "मान वळली की पाय वळतो. कशी पडत होती पावलं?"

"कसली पावलं? तुझीच होती ती."

"कशी पडत होती?"

ती मला वेड्यात काढणार असं वाटलं. पण तिनं माझ्या दंडावर बोटांनी वाजवून दाखवलं. दोनदा झटकन, तिसऱ्यांदा जरा धरून.

मी तिला पुढे घातलं आणि म्हटलं, "हळू चल, पळू नकोस. आणि कुणी तुला ओलांडून पुढे आलं, तर थांब."

"कोण पुढे येईल? आई, मला भीती वाटतेय."

"मलाही. चल."

मी तिच्यामागे चालू लागले, चार हात सोडून. दोन बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली. माझा ठोका सरळ होता, शाळेतल्या कवायतीसारखा. आणि माझ्या पुढे, माझ्या आणि लेकीच्या मधल्या चार हात रिकाम्या जागेत, टप, टप, घस. जिचं काम आवाज कुठून येतो हे सांगायचं, तिला एवढं तरी कळतं.

मी चालता चालताच डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन केला. लेकीनं या वेळी पुढच्या महिन्याचं नाव काढलं नाही. दुपारची वेळ मिळाली.

कॅन दिसला. शिट्टी पेले मोजत होता, काका खुर्चीत. लेक कॅनपाशी पोचली. मी टाळ्या वाजवायला हात वर केले, आणि त्याआधीच माझ्यासमोर, लेकीच्या पाठीशी, दोन टाळ्या वाजल्या.

"चला, सगळे आले," असं म्हणून शिट्टीनं कॅनचं झाकण लावलं. काका मात्र खुर्चीतून अर्धे उठले. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

लेक माझ्या हातांकडे बघत होती. ते अजून एकमेकांपासून लांबच होते.

"थँक्यू म्हण," मी तिला म्हटलं, ती लहान असताना म्हणायचे तसं.

"कुणाला?"

"आधी म्हण. मागे बघू नकोस."